इंडियन ओशन: कॅसेटमधलं आणि मांडवातलं

बेसूरकर

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन इंडियन ओशनच्या कार्यक्रमाला गेलो होतो. भाचा वीस वर्षांचा. त्याला या बँडची दोनच गाणी माहीत, 'बंदे' आणि 'तू किसी रेल सी', दोन्ही सिनेमातली. जायच्या आधी त्याने शहाण्या मुलासारखा त्यांचा 'कंदीसा' हा अल्बम दोनदा ऐकून अभ्यास केला. परतताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तक्रार सुरू झाली. "मामा, अर्धी गाणी तर ओळखूच आली नाहीत. अल्बममध्ये आहे तसं का नाही वाजवत हे लोक?"

गाडीत त्याला धड काही सांगता आलं नाही. ते इथे लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

बँड दिल्लीचा. १९९० साली सुस्मित सेन (गिटार) आणि अशीम चक्रवर्ती (तबला आणि गाणं) या दोघांनी सुरू केला. मग राहुल राम बेस घेऊन आला, १९९४ मध्ये अमित किलम ड्रम घेऊन आला. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा 'डेझर्ट रेन', आणि माझ्या मते भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे, कारण तो स्टुडिओत झालेलाच नाही. पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ दिल्लीत दर १ जानेवारीला 'सहमत' या कलावंतांच्या संस्थेचा कार्यक्रम होतो. १९९७ साली त्यात या चौघांनी जे वाजवलं, तोच अल्बम. थंडीत, उघड्यावर, एकदाच. चुकलं तर चुकलं.

म्हणजे 'कंदीसा' २००० साली आला तेव्हा हा बँड मुळात मांडवातला होता. त्यातली सातही गाणी स्टुडिओत सुचलेली वाटत नाहीत. लोकांसमोर वाजवून वाजवून त्यांचे कोपरे झिजलेत आणि मग एके दिवशी ती टेपवर चढलीत, असं ऐकताना जाणवतं. अल्बम हा त्या गाण्यांचा पासपोर्टवरचा फोटो. माणूस तोच, पण "हलू नका" म्हणून दम दिलेला.

'मा रेवा' घ्या. नर्मदेचं गाणं, निमाडकडचं. राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता, तिथून ते बँडमध्ये आलं. (हा माणूस अमेरिकेतून विषशास्त्रात डॉक्टरेट करून आलेला. घरच्यांचं काय झालं असेल!) अमित त्यात ड्रम सोडून गाबगुबी घेतो. बंगालच्या बाउलांचं वाद्य. छोटं डबडं काखेत दाबायचं, त्याच्या कातड्यातून निघालेली तार दुसऱ्या हातातल्या मुठीने ताणायची आणि छेडायची. ताण वाढवला की सूर वर उडी मारतो, सैल सोडला की पोटात गुबकन बुडतो. अल्बमवर हा आवाज नीट एका जागी बसलेला आहे. या कार्यक्रमात मात्र अमितने एकट्याने चांगली तीन-चार मिनिटं ते वाजवलं, राहुल बेसवर त्याला चिमटे काढत होता, आणि सुरुवातीला मोबाईल वर धरून उभे असलेले लोक हळूहळू हात खाली घेऊन नुसतं बघायला लागले. हे फोटोत कुठून येणार?

खुद्द 'कंदीसा' हे गाणं केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतून आलंय. भाषा सिरियॅक, म्हणजे येशूच्या बोलीच्या, अॅरमेइकच्या, घरातली. शब्दाचा अर्थ 'पवित्र'. मी कॅसेटवर पंचवीस वर्षं ऐकतोय आणि मला अजूनही त्यातला पहिला आलाप कानावर पडला की घरातला पंखा बंद करावासा वाटतो.

आता गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाबद्दल. अशीम २५ डिसेंबर २००९ ला गेला, वय जेमतेम बावन्न. सुस्मित २०१३ मध्ये बाहेर पडला. आता गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गिटारवर निखिल राव. राहुल आणि अमित जुने. हिमांशूचा आवाज तयारीचा आहे, ताना स्वच्छ जातात. अशीमचा आवाज स्वच्छ नव्हता. तबला वाजवता वाजवता गायचा, मांडी घालून, आणि दम अपुरा पडला की शब्दाचा शेवट ओढून आणायचा. मला ते ओढणंच आवडायचं. हिमांशूची यात काही चूक नाही, माझीच खोड.

आणि साउंड! आयोजकांचं नाव घेत नाही. पहिली चार गाणी तबला नुसता दिसत होता. तुहीनचे हात चालतायत, आवाज नाही. मागच्या एकाने ओरडून सांगितलं, "भाऊ, तबला!" तर साउंडवाल्याने बेस वाढवला.

तर प्रश्न असा: असा बँड ऐकायचा कुठे? कॅसेटवर की मांडवात? आणि कुणी परीक्षण लिहायचं म्हटलं, तर कशाचं लिहायचं?

---

मिरजेचीतार

वाचनखूण साठवली.

सुस्मितच्या गिटारबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्याचा निषेध. तो कॉर्डवर कॉर्ड लावत बसत नाही. एक सूर घेतो, त्याच्याभोवती फिरतो, परत येतो. आमच्या गावात सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत लहानपण गेलं, म्हणून असेल, पण 'कंदीसा' पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं होतं, याने सतार शिकायला हवी होती आणि चुकून गिटारच्या दुकानात शिरला.

गाबगुबीवरून आठवलं. आपल्याकडे रेणुकेच्या जोगतिणींचं चौंडकं त्याच कुळातलं. काखेत धरायचं, तार ताणली की आवाज चढतो. सौंदत्तीला जाणाऱ्या बायकांकडे कितीतरी वेळा पाहिलंय. मराठी बँडवाले गिटारला तुणतुणं जोडतात आणि 'फोक' म्हणतात. चौंडकं कुणी हातात घेत नाही. ते वाद्य देवीचं, त्याला विटाळ-सोवळं चिकटलंय, शिवाय ते वाजवणाऱ्या बाईच्या जगण्याबद्दल प्रश्न येतात. बाउलांचं वाद्य लांबून आलं की सोपं पडतं.

---

खडूस आजोबा

काडी टाकतो.

हे सगळं ठीक आहे, पण हा फ्यूजनचा बाजार आहे. नर्मदेकाठच्या बाईचं गाणं उचलायचं, खाली बेस घालायचा, वर ड्रम, आणि मगरपट्ट्यात दीड हजाराचं तिकीट लावायचं. त्या बाईला काय मिळालं? झोळीवाल्यांचं रॉक आहे हे. 'कंदीसा'मधलं 'हिल्ले ले' म्हणजे गोरख पांडेंची भोजपुरी कविता, मोर्च्यात गायली जाणारी. ती आयटीवाल्यांनी बिअर हातात धरून गायची, याला परीक्षणात कुठे जागा आहे का?

---

बेसूरकर

@मिरजेचीतार, निषेध मान्य. चौंडक्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

@आजोबा, बिअर हातात होती, कबूल. तिकिटाचा आकडा मात्र तुम्ही चढवून सांगताय.

---

तोरणमाळ

सहसा वाचनमात्र असतो. पण 'मा रेवा'वर बोलणं चाललंय म्हणून लिहितो.

मी धडगावचा. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी महाराष्ट्रातली गावं आमच्याकडची, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. माझे मामा मणिबेलीजवळचे. त्या काळात नर्मदेची गाणी आंदोलनाच्या प्रत्येक सभेत व्हायची. ढोलावर. गाणारे भिलाला, पावरा, निमाडी शेतकरी, शहरातून आलेली मुलं, सगळे मिसळलेले. म्हणून 'एका बाईचं गाणं उचललं' हे आजोबांचं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. जो माणूस तिथे राहिला, मोर्च्यात चालला, त्याने तिथलं गाणं गायलं तर मला तरी चोरी वाटत नाही.

मला वेगळी गोष्ट खटकते. आमच्याकडे ते गाणं कुणी ऐकायला म्हणून गात नाही. गाताना सगळे गातात, जो गात नाही तो चहा करतो. स्टेज आणि प्रेक्षक अशी दोन टोकं नाहीत. बँडचं गाणं कितीही चांगलं असलं (आणि ते चांगलंच आहे, फोनमध्ये आहे माझ्या) तरी त्यात लोक टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा पुण्यात ऐकलं तेव्हा गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या आणि मला क्षणभर कळेना, कशाबद्दल?

---

हळदुले

+१ तोरणमाळ. शेवटचं वाक्य.

---

साउंडचेक

तबल्याबद्दल, कारण तोच माझा धंदा.

ड्रम आणि तबला एकाच स्टेजवर असले की साउंडवाल्याची परीक्षा असते. तबल्याचा माइक लावला की त्यात शेजारच्या ड्रमच्या झांजा शिरतात. तबला वाढवला की झांजाही वाढतात आणि पुढच्या रांगेतले कान झाकतात. दुसरं, डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) आणि बेस गिटार खालच्या एकाच पट्टीत भांडतात. दोघांना जागा द्यायची तर एकातलं थोडं कापून दुसऱ्याला द्यावं लागतं, आणि हे साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतात तेव्हा, ठरवायचं असतं, गाणं सुरू झाल्यावर नाही. आयोजक साउंडचेकला वीस मिनिटं देतात, त्यातली दहा पाहुण्यांच्या भाषणाच्या माइकला जातात.

परत 'कंदीसा' ऐका. राहुल रामचा बेस सतत वाजत नाही. डग्ग्याचा घुमारा जिथे येतो तिथे तो बऱ्याचदा गप्प बसतो किंवा वर सरकतो. ही जागा मिक्समध्ये काढलेली नाही, वाजवतानाच सोडलेली आहे. वर्षानुवर्षं एका खोलीत वाजवणाऱ्यांनाच हे जमतं. भाड्याने आणलेले वादक ते करत नाहीत, त्यांना प्रत्येक मात्रेचे पैसे वसूल करायचे असतात.

बेस वाढवणाऱ्या त्या साउंडवाल्याच्या वतीने माफी. त्याला 'तबला' ऐकू आलं नसेल, फक्त 'ला' आलं असेल.

---

थेम्सकाठी

खोलीवरून लिहायलाच हवं.

इंडियन ओशनचा २०१० चा अल्बम आहे, '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या घरात ते सराव करायचे, त्या घराचा पत्ता. अशीम गेल्यावर आला, पण त्यात त्याचा आवाज आहे, आधी रेकॉर्ड केलेला. दर महिन्याला एक गाणं त्यांनी इंटरनेटवर फुकट दिलं होतं. मी इथे इंग्लंडमध्ये नवीन होते आणि महिन्याच्या त्या गाण्याची माहेरच्या पत्रासारखी वाट बघायचे.

मग इथल्या मैत्रिणीने फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा इंग्लिश बँड ऐकवला आणि मी चाट पडले. मे १९६९ मध्ये कार्यक्रमाहून परतताना त्यांच्या गाडीला अपघात झाला. मार्टिन लॅम्बल हा ड्रमर गेला, अवघा एकोणीस वर्षांचा. सोबतची एक मुलगीही गेली. बाकीचे बँड बंद करायच्या विचारात होते. त्याऐवजी हॅम्पशायरमधल्या एका घरात सगळे एकत्र राहायला गेले, त्यांच्यातल्या अॅशली हचिंग्जने जुने पोवाडे म्हणता येतील अशी इंग्लिश गाणी शोधून आणली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'लीज अँड लीफ' हा अल्बम आला. इंग्लिश फोक-रॉकचं मूळ पीठ मानतात त्याला. त्यात 'मॅटी ग्रोव्ज' नावाचं एक आठ मिनिटांचं गाणं आहे. उमरावाची बायको, तिचा प्रियकर, खून. त्यांची गायिका सँडी डेनी ते बातमी सांगावी तसं गाते, कुठेही हुंदका नाही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवाशीण कशी सरळ आवाजात भयंकर गोष्टी सांगते, तसं.

फेअरपोर्टवाले अजून दर ऑगस्टला क्रॉप्रेडी गावात शेतात महोत्सव करतात. मी तीनदा गेले. शेवटचं गाणं ठरलेलं, 'मीट ऑन द लेज', सगळं शेत गातं. बाजूला एक आजोबा खुर्ची घडी करून, हातात थर्मास घेऊन गात होते. तोरणमाळ यांनी लिहिलंय ना, गाताना सगळे गातात, ते मला तिथे शेवटच्या पाच मिनिटांत दिसलं. आधीचे तीन दिवस नाही.

---

कापूसकोंड्या

यवतमाळहून. 'डेझर्ट रेन'वर 'बोल वीव्हिल' पण आहे, कोणी उल्लेखच केला नाही. लेडबेली या गायकामुळे गाजलेलं अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं, कापसावरच्या किडीचं. शेतकरी किडीला विचारतो आणि कीड म्हणते मी घर शोधतेय. दिल्लीतल्या पोरांनी हे निवडलं म्हणून मला बँड आवडला. आमच्याकडे २०१७ साली बोंडअळीने जे केलं त्यानंतर हे गाणं ऐकवत नाही. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी.

---

मिरजेचीतार

किरकोळ दुरुस्ती, राग नसावा: बोल वीव्हिल म्हणजे सोंडेचा भुंगा, मेक्सिकोतून टेक्सासात आलेला. आपल्या बोंडअळीचं पतंग होतं. भारतात तो भुंगा नाही.

---

कापूसकोंड्या

ताई, शेतात उभं राहून बघा, भुंगा का पतंग हे कोणी विचारत नाही. पण दुरुस्ती मान्य. खानाखराबी सारखीच.

---

खडूस आजोबा

तोरणमाळ यांचा प्रतिसाद वाचून माझं 'उचललं' परत घेतो. 'झोळीवाले' परत घेत नाही.

बाकी मराठीत हे का होत नाही, यावर कुणी बोलणार का? अभंग आहेत, भारुडं आहेत, गोंधळ आहे, संबळ आहे. सगळं सिनेमाने खाल्लं.

---

हळदुले

मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' ऐका, आजोबा. अभंग, सोबत गिटार-ड्रम. त्यांच्या कार्यक्रमात वारकरी टोपी आणि काळा टी-शर्ट एकाच रांगेत बघितलेत. माझी एकच कुरकुर: तुकोबांच्या शब्दांना वेळ देत नाहीत, लगेच ठेका चढतो. संथ चालीत अभंग कसा उलगडतो हे घरी आजीच्या काकड्याला ऐकलंय, ते मनातून जात नाही.

---

बेसूरकर

माझ्याच प्रश्नाचं उत्तर हाती लागतंय असं वाटतं.

काल रात्री 'कंदीसा' पुन्हा लावला, साउंडचेक यांनी सांगितलं तिथे कान देऊन. खरंच. डग्गा बोलतो तिथे बेस सरकून बसतो. पंचवीस वर्षं ऐकून मला हे कळलं नव्हतं. मांडवात कळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे डग्गाच नव्हता! आणि गाबगुबीचे ते चिमटे कॅसेटवर कळले नसते. म्हणजे कॅसेट ही मांडवाची नक्कल नाही आणि मांडवात तिची उजळणीही होत नाही. अल्बमचं परीक्षण लिहायचं तर सोडलेल्या जागांबद्दल लिहावं. कार्यक्रमाचं लिहायचं तर मी कुठे उभा होतो, शेजारी कोण होतं, काय ऐकू आलं नाही, हेसुद्धा लिहावं. आपल्याकडची परीक्षणं नेमकं हेच गाळतात. 'रसिक मंत्रमुग्ध झाले' म्हणून मोकळे. अरे, कुठले रसिक? तबला ऐकू येत होता का?

अशीमबद्दल मी पहिल्या लेखात जरा आडमुठेपणा केला, तोही काढून टाकतो. थेम्सकाठी यांनी 'खजूर रोड'ची आठवण केली म्हणून तोही लावला. 'बोंधू'मध्ये अशीम बंगाली गातोय, गाणं येतं आणि जातं, आपण मात्र हे माहीत असताना ऐकतो की तो हे ऐकायला नव्हता. हिमांशूला रोज रात्री त्या जागी उभं राहून गायचं असतं. सोपं नाही ते.

---

भाचा

नमस्कार. धाग्यातला भाचा मीच. मामाने लिंक पाठवून दम दिला की सदस्यत्व घे.

'डेझर्ट रेन' काल हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकला, पूर्ण. मला वाटलं होतं जुनं रेकॉर्डिंग आहे, कंटाळा येईल. त्यात कुणीही घाईत नाही. एक जण काहीतरी सुरू करतो आणि बाकीचे बघत बसतात, मग एकेक येतात. आमच्या बँडमध्ये (आहे आमचा एक, हसू नका) चौघेही पहिल्या सेकंदापासून वाजवतात. आज सरावाला ड्रमरला पहिली दोन मिनिटं हात बांधून बसवणार आहे. भांडण होणार.

एक विचारायचं होतं @साउंडचेक, पुढच्या वेळी कार्यक्रमात नेमकं कुठे उभं राहायचं? साउंडच्या टेबलामागे?

---

साउंडचेक

टेबलामागे नको, केबलला पाय अडकून पडशील आणि शिव्या आम्हाला बसतील. टेबलाच्या पुढे दहा पावलं, मध्यावर. साउंडवाला स्वतःच्या कानाने मिक्स करतो, त्यामुळे त्याच्या जवळपास जे ऐकू येतं तेच त्यातल्या त्यात बरं असतं.

आणि ड्रमरला हात बांधून बसवू नकोस. त्याला गाबगुबी दे.